औषध बाधलं तेव्हा: घरचे अनुभव सांगा

राजारामपुरीकर
आज औषधाच्या दुकानात उभी होते. पुढं एक आजोबा खोकल्याचं औषध मागत होते. काउंटरवरच्या मुलीनं बाटली काढायच्या आधी विचारलं, "आजोबा, बीपीची गोळी कुठली चालू आहे?" त्यांनी खिशातनं पाकीट काढून दाखवलं. रॅमिप्रिल. ती म्हणाली, "ही गोळी सुरू झाल्यावर खोकला लागला का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. मग बाटलीचं बघू." मला तिथंच आमचे अण्णा आठवले.

अण्णांना असाच कोरडा खोकला लागला होता. कफ नाही, ताप नाही, रात्री आडवं झालं की सुरू. एक्स-रे झाला, थुंकी तपासली. अडुळसा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, शेजारच्या काकूंचा काढा, सगळं झालं. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायला सांगितली आणि एनालाप्रिलवर बोट ठेवलं. गोळी बदलून दिली, काही आठवड्यांत खोकला गेला. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या बीपीच्या गोळ्यांनी काहींना असा खोकला लागतो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

खोकल्यानं जीव जात नाही, पण झोप जाते आणि घर हैराण होतं. याच गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ, गळा सुजतो. वर्षानुवर्षं गोळी पचत असली तरी एक दिवस होऊ शकतं. तसं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

तुमच्याकडं काय झालं, कशावरून ओळखलं, ते लिहा. औषधाचं नाव आठवत असेल तर तेही. दुकानाचं, दवाखान्याचं नाव नको.

पंचगंगाकाठ
सासूबाई, नवरात्र, अंबाबाईची दर्शनाची रांग. शुगरची गोळी सकाळी घेतलेली, ग्लिमेपिराइड, आणि पोटात फक्त एक केळं. महाद्वाराजवळ आल्यावर घामानं ब्लाउज ओला, हात थरथरायला लागले, आणि मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारायला लागल्या. रांगेतले म्हणाले ऊन लागलं. एका फुलवाल्या मावशींनी मात्र तोंड बघून विचारलं, "ह्यास्नी शुगर हाय का?" आणि स्वतःच्या चहाच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून दिली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस जाग्यावर.

खरं सांगायचं ते पुढचं आहे. बरं वाटल्यावर सासूबाई परत रांगेत उभ्या राहायला निघाल्या. नवऱ्यानं ऐकलं नाही, दवाखान्यात नेलं, आणि तिथं साखर पुन्हा खाली आली. डॉक्टर म्हणाले या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, किडनी कमजोर असेल तर आणखी, म्हणून एकदा साखर खाऊन सावरलं तरी माणसाला एकटं सोडायचं नाही. आता उपास असेल तर त्या आधी डॉक्टरांना फोन करतात.

खासबाग
आमच्या आईचं पण असंच हुतं एकादशीला. साखरंऐवजी गूळ दिला तर चालतोय का? घरचाच गूळ हाय, गुऱ्हाळातला.

लक्ष्मीपुरी_केमिस्ट
चालतो, पण तो चावून विरघळेपर्यंत वेळ जातो. साखरपाणी लवकर लागू पडतं. १५ ग्रॅम म्हणजे अंदाजे तीन चमचे साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर परत द्यायचं. नंतर भाकरी-भात काहीतरी पोटात जाऊ दे. आणि माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. गूळ नाही, पाणी नाही. १०८ ला फोन.

खासबाग
बरं झालं सांगिटलंसा. ते तोंडात काय घालायचं न्हाई हे मला ठाऊक नव्हतं.

गडहिंग्लजची_लेक
माझ्या मामेबहिणीचं लिहिते. दहावीत होती. उलट्या होत होत्या म्हणून मेटोक्लोप्रामाइडची गोळी दिली होती, दुपारी एक आणि संध्याकाळी परत. दिवे लागायच्या वेळेला तिची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर गेले, जीभ बाहेर यायला लागली, जबडा आवळला. मामी ओरडली, गल्ली गोळा झाली. पुढचं तुम्हाला सांगायला नको. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं कॉलेजच्या वाटेवरच्या वडाखालून आली असणार. लिंबू उतरवलं, अंगारा लावला. एक आजी तर जोतिबाला न्यायची भाषा करत होत्या.

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी मुलीकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "आज हिला गोळी कुठली दिलीसा?" मामानं पाकीट आणून दाखवलं. त्या म्हणाल्या, गाडी काढा. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पाकीट बघून एक इंजेक्शन दिलं आणि आमच्या डोळ्यांदेखत मान सरळ झाली. उलटीच्या काही औषधांनी असं होतं, लहान वयात आणि मुलींत जास्त. दिसायला भयंकर, पण उपाय हाताशी असतो.

मला जे आजही सोसत नाही ते तिचं वाक्य आहे. ती पूर्ण शुद्धीत होती. नंतर म्हणाली, "ताई, मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही काय काय बोलत होता ते. फक्त मान वळत नव्हती." तिच्या प्रत्येक केसपेपरवर आता त्या औषधाचं नाव लाल पेनानं लिहिलेलं असतं.

भवानी_मंडप
अंगावर काटा आला. आशाताईंना दंडवत. किती मुलींना अशा वेळी मारहाण झाली असेल.

गडहिंग्लजची_लेक
हो ना. तोच विचार येतो.

उत्तरेश्वरची_सून
बापरे. आमच्याकडं असं काही नाही देवाच्या दयेनं. मामंजी कंबर धरली की डायक्लोफेनॅक घेतात, बायपासनंतर ॲस्पिरिन रोजचीच आहे, पण पचतात त्यांना. कालपासून शौचाला काळं चिकट होतंय म्हणतात, ते लोहाच्या गोळ्यांनी होतंच. भाकरी टाकायच्या राहिल्यात, जेवणं झाल्यावर सगळं नीट वाचते.

शिवाजी_पेठ
डायक्लोफेनॅकवरनं आठवलं, गिधाडं गेली ती ह्याच औषधानं. जनावराला दुखण्यावर टोचायचे, ते मेलं की गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. २००६ ला सरकारनं जनावरांसाठी बंदी घातली. आमचे आजोबा सांगायचे, ढोर मेलं की आभाळ काळं व्हायचं गिधाडांनी. माझ्या पोराला चित्रात दाखवावं लागतंय.

खासबाग
खरं हाय भावा. राधानगरीच्या अंगाला आमच्या तात्यांनी लै बघितलेली.

गंगावेश_दूधकट्टा
२०१९ च्या महापुरानंतर लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन दिलेलं आठवतंय का? आमच्या भावानं शाळेतल्या मुक्कामात ती कॅप्सूल नुसती घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि तसाच सतरंजीवर पडला. पहाटे छातीत अशी आग, की गिळता येईना, घाम, आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. ईसीजी काढला, तो चांगला. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून आतनं भाजलं होतं. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. पण छातीत दुखलं म्हणून तपासायला गेलो ते बरोबरच होतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घरी बसून अंदाज करायची ती गोष्ट नाही.

आणि कट्ट्यावरचं ताजं म्हशीचं दूध कितीही चांगलं असलं तरी थायरॉइडची आणि लोहाची गोळी त्याबरोबर घेऊ नका. अंगी लागत नाही.

कसबा_बावडा
थायरॉइडची गोळी मी चहाबरोबर घेत होतो की. डॉक्टरांनी परवाच सांगितलं, रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर. धन्यवाद दादा.

सर्दीची गोळी घेऊन गगनबावड्याचा घाट उतरू नका एवढं माझं सांगणं. मालकांना वळणावर डुलकी आली, शेजारी बसून मी चिमटे काढत उतरवलं त्यांना.

साने_गुरुजी_वसाहत
माझ्या धाकट्या भावाला फिट्ससाठी कार्बामाझेपिन सुरू केलं. काही आठवडे छान गेले. मग ताप, डोळे लाल, तोंडात फोड, पाणी पिताना रडायचा. अंगावर पुरळ आल्यावर घरच्यांनी गोवर ठरवला, कडुलिंबाचा पाला आणून अंथरुणात घातला. दुसऱ्या दिवशी पुरळाचे फोड झाले आणि पाठीची कातडी चादरीला लागून निघाली. आयसीयूत ठेवलं, भाजलेल्या माणसाला सांभाळतात तसं सांभाळलं. डोळ्यांचे थेंब अजून चालू आहेत. जगला, त्या सिस्टरांच्या हातांनी जगला.

नुसतं खाजणारं पुरळ अनेक औषधांनी येतं आणि जातं. पण पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखणं, यातलं काहीही असेल तर त्याच तासाला निघा. फिटची गोळी मनानं कधीच बंद करायची नसते हे खरं, म्हणूनच डॉक्टर लगेच गाठायचा. ते दुसरी देतात.

राजारामपुरीकर
वाचून गलबलून आलं. भावाला आता कसं आहे? शिकतोय का?

साने_गुरुजी_वसाहत
आयटीआय करतोय. गॉगल लावून जातो, मित्र हिरो म्हणतात.

लक्ष्मीपुरी_केमिस्ट
थांबा सगळे. वर उत्तरेश्वरच्या ताईंनी काय लिहिलंय ते कुणी वाचलं का? डायक्लोफेनॅक, त्यावर ॲस्पिरिन, आणि काळं चिकट शौच. ताई, भाकरी राहू देत. लोहाच्या गोळीनं काळपट-हिरवट होतं, पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं होत नाही. या दोन गोळ्या मिळून पोटात व्रण होऊन रक्त जाऊ शकतं. वास येतोय का? चक्कर, घाम, धाप?

पंचगंगाकाठ
ताई फोन बघा. कुणाकडं यांचा नंबर आहे का?

भवानी_मंडप
माझ्याकडं आहे, भिशीतल्या आहेत. लावते.

उत्तरेश्वरची_सून
आत्ता वाचलं. वास आहे हो, मघाशी बाथरूममध्ये उदबत्ती लावली मी. भिंत धरून चालतायत, कपाळ गार लागतंय. म्हणतात सकाळी जाऊ, आता कशाला.

लक्ष्मीपुरी_केमिस्ट
सकाळी नाही, आत्ता. चालवू नका, आडवं ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका. १०८ ला फोन करा, किंवा गाडी दारात असेल तर सरळ तातडीच्या विभागात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, बायपासची फाइल घ्या. ॲस्पिरिनचं पुढं काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर आणि तिथले डॉक्टर ठरवतील.

शिवाजी_पेठ
वैनी गाडी हाय माझी, पत्ता भवानी मंडपवाल्या ताईंना सांगा. निघालो.

फुलेवाडी
हे चालू असताना लिहावं की नको कळेना, पण विषय तोच आहे म्हणून लिहितो. आमच्या आत्या गुडघ्यासाठी बाजारातल्या एकाकडनं पुड्या आणायच्या. नाव नाही, चिठ्ठी नाही. दोन पुड्यांत गुडघा गप्प. वर्षभरात तोंड गोल झालं, गालावर लाली, सगळे म्हणायचे तब्येत सुधारली. साखर वाढली. मग पुडीवाला गावाला गेला, पुड्या एकदम बंद झाल्या आणि आत्या अंथरुणातनं उठेना, बीपी खाली. दवाखान्यात कळलं, पुडीत स्टिरॉइड असणार. ते असं एकदम तुटलं की शरीर लुळं पडतं, हळूहळू कमी करावं लागतं. विनाचिठ्ठीच्या पुडीला आम्ही औषधच समजत नव्हतो, डॉक्टरांनी "आणखी काय घेता" विचारल्यावर आत्या "काही नाही" म्हणायच्या. चूर्ण, काढा, पुडी, मलम, सगळं सांगा डॉक्टरांना.

लक्ष्मीपुरी_केमिस्ट
अगदी. आणि पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. डायक्लोफेनॅकच्या गोळीवरही ती असते. पाकीट कापताना नाव आणि तारीख शेवटपर्यंत राहील असं कापा, गडहिंग्लजला पाकीट होतं म्हणून वेळ वाचला.

औषध बाधलं तर पेशंट स्वतःसुद्धा सरकारला कळवू शकतो. फोन फुकट आहे, १८००-१८०-३०२४, फॉर्म मराठीतही आहे. पण तो नंतर, आधी माणूस दवाखान्यात.

राजारामपुरीकर
उत्तरेश्वरची काही बातमी?

भवानी_मंडप
सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, पोचलेत. शिवाजी पेठवाले दादा तिथंच थांबलेत. आत घेतलंय, सलाईन लावलंय, रक्त तपासायला गेलंय.

उत्तरेश्वरची_सून
हिमोग्लोबिन खूप खाली आलंय. रक्त चढवतायत, दुर्बीण सकाळी घालणार. डॉक्टरांनी पाकिटं बघितली आणि पहिल्या मिनिटाला विचारलं ते हेच, केमिस्ट दादांनी विचारलेलं. मामंजी शुद्धीत आहेत, भाकरी मागतायत. हात थरथरतोय, नंतर लिहिते.

खासबाग
वैनी रगत कुठलं? लागंल तर तालमीतली पोरं आणतो.

उत्तरेश्वरची_सून
बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीतनं आत्ता मिळालं, पण बदली द्यावं लागेल म्हणाले.

खासबाग
कुठल्या गटाचं बी चालतंय मग. सकाळी पोरं घेऊन येतो.

कसबा_बावडा
मी पण येतो. लोहाच्या गोळ्या चालू आहेत माझ्या, घेतील का माझं?

लक्ष्मीपुरी_केमिस्ट
तिथं हिमोग्लोबिन बघतील, १२.५ च्या खाली असेल तर घेणार नाहीत. गोळ्या चालू आहेत ते तिथं आधी सांगा.

कसबा_बावडा
बरं. मग मी नाष्ट्याचा डबा घेऊन येतो सगळ्यांना.