जून ब्राउन आणि डॉट कॉटन: एका भूमिकेने मोठ्या अभिनेत्रीला गिळले का?

प्रश्न

नमस्कार. गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडमध्ये चार महिने राहण्याचा योग आला. शेजारच्या वयस्कर बाई मला संध्याकाळी चहाला बोलावत आणि बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेचे जुने भाग दाखवत. त्यांतील डॉट कॉटन माझ्या मनात घर करून राहिली आहे. लॉन्ड्रेटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुण्याच्या दुकानात, काम करणारी ही बाई बोटांत सतत सिगारेट धरून असते, ऊठसूट बायबलची वचने सांगते, आपल्या दुखण्यांचा पाढा वाचते आणि तरीही कुणाच्या घरी संकट आले की सर्वांत आधी तीच दारात उभी असते.

ही भूमिका जून ब्राउन यांनी १९८५ ते २०२० या काळात, मधली चार वर्षे वगळता, केली. मी स्वतः बरीच वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आहे, त्यामुळे एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. जिने रंगमंचावर इब्सेनच्या नाटकातील हेड्डा गाब्लर आणि शेक्सपिअरच्या नाटकातील लेडी मॅकबेथ उभी केली, तिला पुढे तीन दशके एकाच बाईच्या कपड्यांत राहावे लागले. हे अभिनेत्रीचे नुकसान नव्हे काय? तसेच, एका भागात अर्धा तास फक्त त्याच एकट्या बोलतात असे शेजारीणबाई सांगत होत्या, पण तो भाग पाहणे राहून गेले. त्याविषयी कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

आपला प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधताना ही भूमिका त्यांच्याकडे कोणत्या वयात आली हे आधी पाहायला हवे, कारण सगळा फरक तिथेच पडतो.

जून ब्राउन यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९२७ रोजी सफोकमधील नीडम मार्केट या लहानशा गावी झाला. थोरली बहीण लहानपणीच गेली आणि त्या मृत्यूची सावली त्यांच्यावर दीर्घकाळ राहिली. महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्या नौदलाच्या महिला दलात होत्या आणि नंतर लंडनच्या ओल्ड विक नाट्यशाळेत शिकल्या. १९५० मध्ये जॉन गार्ली या अभिनेत्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु नैराश्याने ग्रासलेल्या गार्लींनी १९५७ मध्ये आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी जून ब्राउन यांनी रॉबर्ट अरनॉल्ड या अभिनेत्याशी लग्न केले. या संसारात सहा मुले झाली, त्यांतील एक अगदी तान्हेपणी दगावले.

म्हणजे ज्या वयात नटीला एकामागून एक मोठ्या भूमिका मिळायच्या, त्या वयात या बाई तालीम आणि पाळणा यांच्यामध्ये विभागलेल्या होत्या. दूरचित्रवाणीवर कामे मिळत होती, पण बहुतेक लहान. १९७३ च्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेमधील लेडी एलेनॉर हे त्यांपैकी आज आठवले जाणारे एक. मग १९८५ च्या फेब्रुवारीत ‘ईस्टएंडर्स’ सुरू झाली. त्यात पबचा मालक डेन रंगवणाऱ्या लेस्ली ग्रँथम यांनी निर्मात्यांकडे जून ब्राउन यांचे नाव सुचवले. निक कॉटन या गुंड मुलाची आई हवी होती आणि काम थोड्याच दिवसांचे होते.

तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. पंचविशीतल्या नटीवर एका भूमिकेचा शिक्का बसतो तेव्हा तिच्या पुढच्या वाटा बंद होतात, हे मला मान्य आहे. परंतु अठ्ठावन्नाव्या वर्षी अभिनेत्रीसमोर अशा किती वाटा उघड्या असतात? एखाद्या नाटकात आजी, एखाद्या मालिकेत दोन प्रवेशांपुरती शेजारीण, इतकेच. त्या वयाच्या बाईला कथेच्या मध्यभागी आणून बसवणारी भूमिका त्यांच्या वाट्याला आली आणि तोवर जगून झालेले सारे आयुष्य त्यांना तिच्यात ओतता आले. भूमिकेने त्यांना गिळले असे मी म्हणणार नाही. उलट, त्यांच्याजवळ जे साठले होते त्याला तिथे वाट मिळाली.

प्रतिसाद २

त्या एकपात्री भागाविषयी लिहितो, कारण तो मी तीन वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी शेवटपर्यंत जागचा हललो नाही.

तो ३१ जानेवारी २००८ रोजी प्रसारित झाला. लेखन टोनी जॉर्डन यांचे, दिग्दर्शन क्लाइव्ह अरनॉल्ड यांचे. डॉटचा दुसरा पती जिम ही भूमिका करणारे जॉन बार्डन यांना २००७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, म्हणून कथेत जिमलाही पक्षाघात झाल्याचे दाखवले गेले. या भागात डॉट टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन बसते आणि रुग्णालयातील नवऱ्यासाठी निरोप ध्वनिमुद्रित करते. त्याला घरी आणून सांभाळण्याचे बळ आपल्यात नाही, हे तिला सांगायचे आहे. ते थेट सांगवत नाही म्हणून ती युद्धकाळात लहान असताना वेल्समध्ये राहिली होती तिथवर मागे जाते, आठवणींत रेंगाळते आणि पुन्हा त्याच न बोलवणाऱ्या गोष्टीपाशी येऊन थांबते.

आपल्याकडच्या एकपात्री प्रयोगाशी त्याची तुलना करू नये. आपला नट एकटा असला तरी आवाज आणि देहबोली बदलून दहा माणसे उभी करतो आणि समोरच्या प्रेक्षागृहाचा प्रतिसाद त्याला पुढे नेत राहतो. इथे पात्र एकच आहे, ते जागेवरून फारसे हलत नाही आणि समोर आहे ते यंत्र. जून ब्राउन यांचे पती रॉबर्ट अरनॉल्ड २००३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजाराने वारले होते, हे ठाऊक असल्यावर तो भाग पाहणे आणखी अवघड होते. ब्रिटिश सोप ऑपेरात, म्हणजे वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा मालिकांत, एकाच पात्रावर उभा असलेला हा पहिलाच भाग. त्यासाठी त्यांना २००९ च्या बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट व दूरचित्रवाणी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. पुरस्कार मिळाला नाही, ही खंत माझ्या मनात अजून आहे.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बराचसा सहमत आहे, परंतु नुकसान झालेच नाही असे म्हणणे मला पटत नाही. मालिकेचे वेळापत्रक निर्दय असते. आरंभी आठवड्याला दोन असलेले भाग पुढे तीन आणि २००१ पासून चार झाले. त्या रगाड्यात रंगभूमीसाठी वेळ काढणे सोपे नव्हते.

सोडून जाणे मात्र अशक्य नव्हते. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या दुसऱ्या ब्रिटिश मालिकेतील हिल्डा ऑग्डेन साकारणाऱ्या जीन अलेक्झांडर यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १९६४ पासून केलेली भूमिका १९८७ मध्ये, ऐन लोकप्रियतेत, सोडली आणि नंतर ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ या विनोदी मालिकेत वीसेक वर्षे काम केले. सोप ऑपेरातील भूमिकेसाठी बाफ्टाचे तेच नामांकन जून ब्राउन यांच्याआधी फक्त त्यांनाच, १९८८ मध्ये, मिळाले होते. जून ब्राउन यांनीही १९९३ मध्ये मालिका सोडून पाहिली होती. १९९७ मध्ये त्या परतल्या, तो त्यांचा निर्णय होता.

आणि परतल्यानंतर लेखकांनी डॉटपुढे जे पेच टाकले ते कुठल्याही शोकांतिकेला शोभणारे आहेत. २००० मध्ये कर्करोगाने मरणासन्न झालेली जिवलग मैत्रीण एथेल तिच्याकडे मरणासाठी मदत मागते. हत्या हे पाप मानणारी डॉट ती मदत करते आणि त्या अपराधाचे ओझे वागवत राहते. २०१५ मध्ये आयुष्यभर छळणारा मुलगा निक तिच्या डोळ्यांसमोर मरतो आणि ती डॉक्टरांना बोलावत नाही. लेडी मॅकबेथ करून झालेल्या नटीला याहून वेगळे काय हवे असेल?

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अठ्ठावन्नाव्या वर्षाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. नंतर त्या रंगमंचावर पुन्हा आल्या का?

प्रतिसाद १ कडून

होय. २००९ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात ‘कॅलेंडर गर्ल्स’ या नाटकात काम केले. पुढे मॅक्युलर डिजनरेशन या डोळ्यांच्या विकारामुळे दृष्टी अधू होत गेली, तरी २०२० च्या जानेवारीपर्यंत त्या पडद्यावर दिसत होत्या. ३ एप्रिल २०२२ रोजी, पंचाण्णव वर्षांच्या असताना, त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मालिकेत डॉटचा अंत्यविधी दाखवण्यात आला.

शेजारीणबाईंकडे तो भाग अवश्य मागा, पण त्याआधी १९८० च्या दशकातील कॉलिनचे भाग पाहा. कॉलिन समलिंगी आहे हे कळल्यावर एड्सच्या भीतीने डॉट त्याच्यापासून दूर पळते आणि पुढे त्याचीच सच्ची मैत्रीण होते. कॉलिनची भूमिका करणारे मायकेल कॅशमन नंतर राजकारणात गेले आणि हाउस ऑफ लॉर्ड्सचे, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य झाले. डॉटच्या अंत्यविधीसाठी ते कॉलिन म्हणून पुन्हा मालिकेतल्या त्या चौकात आले होते.