पोरांना तळं दाखवायचंय, किट घेऊ का? (कोल्हापूर)

तांबडा_पांढरा:
नमस्कार मंडळी. आमच्या अपार्टमेंटमधली सहा पोरं, वय ८ ते ११. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पाण्यातली जीवसृष्टी दाखवीन असं मी तोंडातून बोलून बसले आहे. लेकीला अन्नसाखळी पाठ आहे: शेवाळ, कीटक, मासा, बगळा. परवा रंकाळ्यावर भेळ खाताना विचारलं, "यातलं इथं काय काय आहे?" तर म्हणाली, "केंदाळ." (म्हणजे जलपर्णी.) आता हसू का रडू?
ऑनलाइन पाणी तपासायचं किट दिसतंय, महाग आहे. घेऊ का? आणि जायचं कुठं, रंकाळा तलाव, कळंबा तलाव की पंचगंगा नदी? मी कॉमर्सवाली, जरा सोपं करून सांगा.

मास्तर_निवृत्त:
किट राहू द्या. चहाची जुनी गाळणी काठीला बांधा, एक पांढरा ट्रे आणि भिंग घ्या. कळंब्याला जा, मातीचा उथळ काठ बघा. काठच्या वनस्पतींच्या मुळांतून गाळणी फिरवून ट्रेमध्ये झटकायची आणि दोन मिनिटं गप्प बसायचं. (पोरं बसत नाहीत, तरी सांगायचं.) आधी नुसता कचरा दिसतो, मग कचरा चालायला लागतो.
त्यात मातकट, सहा पायांची चतुराची अळी सापडली तर तिच्यावरच अर्धा तास घालवा. तिचा खालचा जबडा दुमडून ठेवलेला असतो, भक्ष्य जवळ आलं की तो झटक्यात पुढं येतो. हवेत उडणारा चतुर आधी पाण्यात राहून शिकार करत होता, हे पोरांना खरं वाटत नाही. वाद घालू नका, गवताच्या काडीला चिकटलेली त्याची रिकामी कात शोधायला लावा.
पाण्याची तब्येतही हेच जीव सांगतात. शेपटीला तीन धागे असलेल्या मेफ्लायच्या (हा एक उडणारा कीटक) अळ्या मिळाल्या तर पाणी बरं आहे. गाळात नुसत्या लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या असतील तर ऑक्सिजन कमी. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथंही तगतात. बघून झालं की सगळं त्याच जागी परत सोडा.

पाणकावळा:
मास्तरांशी सहमत, पण रंकाळा सोडू नका. सकाळी सातच्या आत जा. प्रत्येक पोराला एकच पक्षी वाटून द्या, दहा मिनिटं त्याच्यावरची नजर काढायची नाही. टिबुकली बुडाली की मोठ्यानं आकडे मोजायचे, आणि ती वर कुठं निघणार याची पैज. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी.
केंदाळाला हसू नका, तोच धडा आहे. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फुगीर देठ आडवा कापला की आत हवेचे कप्पे दिसतात, म्हणून ते तरंगतं. घरी दोन बाटल्यांत पाण्यात हायड्रिला ही पाणवनस्पती ठेवा (मासेविक्रीच्या नाही, फिशटँकच्या दुकानात मिळतो). एक बाटली उन्हात उघडी, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून. बुडबुडे कुठं येतात ते बघू दे. केंदाळ तळ्यावर तोच काळा कागद अंथरतं.

नादखुळा_९:
लई भारी धागा! पंचगंगेत मात्र पोरांना उतरवू नका ताई. घाट निसरडा, खोली कळत नाही, आणि खाली शिरोळ-सांगलीच्या अंगाला कृष्णेत मगरी हायत. नदी पावसाळ्यात घरी बसून शिकवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची रोजची पातळी वहीत लिहून आलेख काढायचा, ३९ फुटांवर पिवळी रेघ, ४३ वर लाल. इशारा आणि धोका म्हणजे काय, आपल्या पोरांना सांगावं लागतंय व्हय? तरी रेघ स्वतः मारली की राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी वेगळी ऐकू येते.

तांबडा_पांढरा:
काल कळंब्याला जाऊन आलो. मेफ्लाय नाही, लाल अळ्या भरपूर. चतुराची एक अळी मिळाली आणि तिनं ट्रेमध्येच एक लाल अळी गट्टम केली! सहाही पोरं पहिल्यांदा गप्प. आता एकाला ती घरी बरणीत पाळायची आहे. चालेल का?

मास्तर_निवृत्त:
नको. तिला रोज जिवंत खाऊ लागतो, आणि तो संपला की पोरं गप्पी मासे आणतील, मग गप्पी तळ्यात सोडतील. फिशटँकमधलं काहीही तळ्यात जाता कामा नये. दर रविवारी त्याच काठावर जा, तीच दहा पावलं जागा. आणि घरी आल्यावर साबणानं हात.

तांबडा_पांढरा:
बरं. रविवारी परत. गाळणी सासूबाईंची रोजची होती, हे आज सकाळी चहाच्या वेळी उघडकीला आलंय.