मदत हवी आहे: जीएनएम झालंय, ड्युटी न सोडता बी.एस्सी. नर्सिंग कसं करावं? (चिकोडी-निपाणी भाग)

सीमेवरची_सिस्टर
नमस्कार. बारावी सायन्स, जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) मिरजेला, नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. गेली तीन वर्षं चिकोडी तालुक्यातल्या खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स, तिन्ही पाळ्या. पगाराशिवाय दोन वर्षं काढता येणार नाहीत. 'ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग, दीड वर्षात डिग्री, कॉलेजला यायची गरज नाही' असं एक एजंट सांगतोय आणि निम्मी फी आधी भरा म्हणतोय. असली डिग्री चालते का? नसेल तर नोकरीतल्या नर्सला कुठला रस्ता आहे? पुढं एम.एस्सी. करायचंय, आखातात जायचाही विचार आहे.

वॉर्ड_रजिस्टर
ताई, एक रुपयाही देऊ नका.

जीएनएमनंतरच्या पदवीचं नाव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. नियमित कॉलेजात ती दोन वर्षांची असते. दीड वर्षाचा कुठलाच मान्य अभ्यासक्रम नाही, म्हणजे एजंटचं पहिलंच वाक्य खोटं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं जे विषय शिकवायला मनाई आहे, त्यांत नर्सिंग आहे.

कारण तासांत बघा. नियमित पोस्ट बेसिकच्या पहिल्या वर्षी मेडिकल-सर्जिकलचं प्रात्यक्षिक २७० तास, प्रसूती २४० आणि बालरोग २४०. दुसऱ्या वर्षी सामुदायिक आरोग्य २४०, मानसिक आरोग्य २४०. आठ तासांचा दिवस धरला तर एका विषयाच्या २४० तासांना पुरे ३० दिवस वॉर्डात किंवा गावात उभं राहावं लागतं. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागाची हजेरी १०० टक्के पूर्ण. हे मोबाइलवर कसं होणार?

घटप्रभा_काठ
नोकरी सांभाळून करायचा रस्ता म्हणजे इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) पोस्ट बेसिक, पण वर सांगितलेली मनाई असल्यानं त्याचा प्रवेश चालू आहे का ते आधी बघा. तो नोकरीतल्या नर्ससाठीच आहे. पण 'घरबसल्या' तोही नाही. पुस्तकं आणि स्वाध्याय घरी, समुपदेशनाचे वर्ग आणि प्रात्यक्षिकं नेमून दिलेल्या अभ्यास केंद्रात, म्हणजे रुग्णालय जोडलेल्या नर्सिंग कॉलेजात. किमान मुदत ३ वर्षं.

पात्रता अशी: बारावी, तीन वर्षांचं जीएनएम, आरएनआरएम (नर्स आणि मिडवाइफ म्हणून कौन्सिलची) नोंदणी आणि नोंदणीनंतर किमान २ वर्षांचा अनुभव. फक्त दहावीवर जीएनएम केलेल्यांना ५ वर्षांचा अनुभव लागतो. जीएनएममध्ये मिडवाइफरी (प्रसूतीचा विषय) नसलेल्या ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सना, तिच्या बदल्यात भारतीय नर्सिंग परिषदेनं ठरवलेलं सहा ते नऊ महिन्यांचं प्रमाणपत्र लागतं. एएनएमवाल्यांना (जीएनएमच्या खालचा सहायक नर्सचा कोर्स) हा रस्ता नाही, त्यांनी आधी जीएनएम करायचं.

'नोंदणीनंतर' या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. जीएनएमचा निकाल जूनमध्ये, कौन्सिलची नोंदणी जानेवारीत, तर मधले महिने मोजत नाहीत. अर्ज बाद व्हायला तेवढं पुरतं.

प्रवेश परीक्षेतून आहे, जागा थोड्या. त्या वर्षीची प्रवेश सूचना इग्नूच्या संकेतस्थळावर निघाली आहे का तेवढंच बघा. सूचना नाही म्हणजे त्या वर्षी प्रवेश नाही, मग 'मॅनेजमेंट कोट्यातून इग्नू' म्हणणारा कोणीही असो, तो फसवतोय.

वॉर्ड_रजिस्टर
परीक्षेची तयारी जीएनएमच्या पुस्तकांतूनच करा. वेगळ्या गाइडच्या मागे लागायची गरज नाही.

खानापूर_नाका
ताईंचा खरा घोळ अजून कोणी काढला नाही. शिक्षण मिरजेला, नोंदणी महाराष्ट्राची, नोकरी कर्नाटकात! आपल्याकडे हे फार होतं. निपाणीहून कोल्हापूर, अथणी-कागवाडहून मिरज जवळ, म्हणून शिकायला तिकडं जायचं आणि ड्युटी इकडं. दवाखानाही विचारत नाही. पण ज्या राज्यात काम, त्या राज्याच्या कौन्सिलची नोंदणी हवी. ती नसली तर पुढं अनुभवाच्या दाखल्यावरच बोट ठेवतात.

तेव्हा पहिलं काम हे: महाराष्ट्र कौन्सिलकडं ना-हरकत आणि पडताळणीसाठी अर्ज, आणि ते झालं की बंगळूरला कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी. आधीच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर गाडी तिथंच अडते, म्हणून ती तारीख आजच काढून बघा. प्रवेशाची सूचना निघाल्यावर हे सुरू केलं तर वेळेत होत नाही.

दुसरं नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि कन्नडमधून इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग तिसरंच. दूरस्थ प्रवेशाला आता डीईबी आयडी (अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, तो एबीसी आयडीवरून (विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याच्या क्रमांकावरून) निघतो आणि एबीसी आयडी आधारवरचं नाव उचलतो. दोन्हीकडं अक्षर न् अक्षर जुळवून घ्या की. विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा.

सीमेवरची_सिस्टर
नोंदणीचं खरंच केलेलं नाही. उद्याच लागते कामाला. अनुभवाच्या दाखल्यात काय काय असावं? आणि इथल्या एका कॉलेजाकडून 'नॉन-अटेंडिंग'ची ऑफर आहे म्हणे, नाव रेग्युलरला लावायचं आणि ड्युटी चालू ठेवायची. मैत्रिणी तेच करा म्हणतात.

वॉर्ड_रजिस्टर
दाखला दवाखान्याच्या लेटरहेडवर: पद 'स्टाफ नर्स', रुजू झाल्याची तारीख, आजही नोकरीत असल्याचा उल्लेख, खाटांची संख्या, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का. माहितीपत्रकात ठरावीक नमुना दिला असेल तर त्याच नमुन्यात घ्या. पगार रोख मिळत असेल तर आजपासून बँकेत मागा. नेमणूकपत्र, पीएफ किंवा ईएसआय आणि बँकेचा उतारा एकमेकांशी जुळला की दाखल्यावर शंका राहत नाही.

नॉन-अटेंडिंगला स्पष्ट नाही म्हणा. त्या दोन वर्षांत तुम्ही कॉलेजातही पूर्णवेळ हजर आणि दवाखान्यातही पूर्णवेळ हजर, असे दोन कागद तयार होतात. आखातातल्या परवान्यासाठी डेटाफ्लोची पडताळणी होते, तिथं पदवी विद्यापीठाकडून आणि अनुभव दवाखान्याकडून थेट तपासतात. तारखा एकमेकींवर चढल्या की एकतर अनुभव जातो नाहीतर पदवीवर संशय येतो. आणि त्याहून मोठी गोष्ट, बाळंतपणाच्या वॉर्डात न केलेले तास पेशंटच्या जिवावर बेततात.

घटप्रभा_काठ
दोन वर्षांची रजा निघत असेल तर नियमित पोस्ट बेसिकही बघा. बेळगावात केएलईचं नर्सिंग कॉलेज आहे, ते अभिमत विद्यापीठाखाली येतं. बाकी कॉलेजं बहुतेक बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. कोल्हापूर-सांगलीकडं गेलात तर बहुतेक नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कुठंही गेलात तरी भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत कॉलेजच्या नावापुढं 'पोस्ट बेसिक' हाच कोर्स, त्याच वर्षासाठी आहे का ते बघा. जीएनएमला मान्यता असलेलं कॉलेज पोस्ट बेसिकलाही मान्य असतंच असं नाही.

मानसिक आरोग्याची पोस्टिंग कुठं, तेही विचारून घ्या. धारवाडच्या डिम्हान्ससारख्या (मानसिक आरोग्य संस्था) ठिकाणी असेल तर राहण्याचा खर्च आधीच धरा. चिकोडीहून रोज जाऊन येणं जमणारं नाही.

८६५ गावांचा सीमाभागाचा दाखला महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाला चालतो म्हणून पोस्ट बेसिकलाही चालेल असं धरून चालू नका. त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच फी भरा.

खानापूर_नाका
अमेरिकेच्या 'आरएन टू बीएसएन'च्या (नोंदणीकृत नर्सला पदवी देणाऱ्या कोर्सच्या) जाहिराती दिसल्या तर त्याही सोडा. ते कोर्स तिथल्या परवानाधारक नर्ससाठी असतात. इथल्या कौन्सिलला त्याचा उपयोग नाही.

सीमेवरची_सिस्टर
एम.एस्सी.साठी इग्नूचा पोस्ट बेसिक अडणार नाही ना? आणि एम्सच्या भरतीला पदवी लागतेच का?

वॉर्ड_रजिस्टर
एम.एस्सी.ला परिषदेची अट बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकमध्ये किमान ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव. पोस्ट बेसिकवाल्यांचा हा अनुभव आधीचाही चालतो. म्हणून नुसतं पास होण्यावर राहू नका, तिन्ही वर्षं ५५ च्या वर ठेवा. इग्नूत स्वाध्याय वेळेत दिले नाहीत तर सत्रांत परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, तेव्हा पाळीचं वेळापत्रक लागण्याआधीच इन्चार्ज सिस्टरना तारखा सांगून ठेवा. रात्रपाळी उतरून थेट पेपरला जाऊ नका.

एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) जीएनएमही चालतं, पण किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव हवा. तुमच्या दवाखान्यात खाटा किती आहेत?

सीमेवरची_सिस्टर
तीस.

वॉर्ड_रजिस्टर
मग तो अनुभव नॉरसेटला धरणार नाही. कर्नाटकची नोंदणी झाली की पन्नासहून जास्त खाटांच्या रुग्णालयात जागा शोधा. इग्नूच्या अनुभवाला तिथला काळ चालेलच, आणि नॉरसेटची दोन वर्षंही तिथून मोजायला लागतील.