सेशन एकच ठेवला तरी मधूनच कनेक्शन तुटतं

रात्रपाळी:
वेब सर्व्हरला कॉल करायला पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरतोय. प्रत्येक कॉल सुटा न करता सगळीकडे एकच सेशन (उघडलेली जोडणी पुन्हा वापरणारा ऑब्जेक्ट) ठेवला, वेग चांगलाच वाढला. पण स्क्रिप्ट थोडी निवांत राहून पुन्हा कॉल करते तेव्हा कधीकधी 'कनेक्शन रीसेट बाय पीअर' (समोरून जोडणी तुटली) अशी एरर येते. लगेच परत चालवलं की सुरळीत. शिवाय सेशनला टाइमआउट (उत्तराची वाट बघण्याची मर्यादा) एकदाच सांगून ठेवता येतो का?

जुनाखांब:
रिकामी जोडणी किती वेळ उघडी ठेवायची, हे सर्व्हरही ठरवतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा डीफॉल्ट 75 सेकंद, अपाचेचा अवघा 5. तुमची स्क्रिप्ट निवांत असताना तिकडून दार लागतं. पूलमधलं (पुन्हा वापरायला राखलेल्या जोडण्यांतलं) सॉकेट बंद झालंय का, हे रिक्वेस्ट्सच्या आतली यूआरएललिब३ लायब्ररी ते वापरण्याआधी बघते. पण बंद झाल्याची खबर अजून वाटेत असेल आणि तेवढ्यात तुमची रिक्वेस्ट निघाली, तर ते बघणं वाया. म्हणून 'कधीकधी'च.

सेशनच्या जोडण्या सांभाळणाऱ्या एचटीटीपीअडॅप्टरमध्ये मॅक्स-रीट्राइज (किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा) मुळात शून्य असतं. तिथे बॅकऑफसह (दर प्रयत्नाआधी थोडं थांबून) रीट्राय ऑब्जेक्ट द्या आणि अडॅप्टर सेशनवर माउंट करा. रिक्वेस्ट पाठवल्यावर जोडणी तुटली तर पोस्ट (सर्व्हरवर नोंद करणारी रिक्वेस्ट) आपोआप पुन्हा जात नाही, आणि ते तसंच राहू द्या. सर्व्हरने काम उरकून उत्तर देताना जोडणी तुटली असेल, तर तीच नोंद दोनदा व्हायची.

टाइमआउटची मात्र सेशनवर सोयच नाही. सेशन.टाइमआउट = 10 लिहिलंत तर एररही येत नाही आणि उपयोगही होत नाही; हे मला त्या लायब्ररीतलं सगळ्यात फसवं वाटतं. दिला नाही तर ती कितीही वेळ वाट बघत बसते. अडॅप्टरचा सबक्लास करून त्याच्या सेंड फंक्शनमध्ये टाइमआउट भरा. तिथे न दिलेला टाइमआउट 'नन' (रिकामी किंमत) होऊन येतो, त्यामुळे नुसतं 'की आहे का' तपासू नका, किंमत तपासा.

तिरपीरेघ:
मी थ्रेड वापरते, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल चालतात. 'कनेक्शन पूल इज फुल' अशी वॉर्निंग येते. पूल-कनेक्शन्स वाढवलं, फरक नाही.

जुनाखांब:
पूल-कनेक्शन्स हे किती होस्टचे (सर्व्हरचे) पूल जपायचे त्याचं. एका होस्टच्या किती जोडण्या राखायच्या त्यासाठी पूल-मॅक्ससाइज, डीफॉल्ट 10. जास्तीच्या जोडण्या उघडतात आणि वापरून फेकल्या जातात, म्हणजे सेशनचा फायदाच गेला. थ्रेडइतका आकडा द्या. कुकीज बदलत असतील तर प्रत्येक थ्रेडला वेगळा सेशन बरा. आणि स्ट्रीम=ट्रू (उत्तर तुकड्यातुकड्याने वाचणं) असेल तर उत्तर पूर्ण वाचेपर्यंत किंवा क्लोज करेपर्यंत जोडणी पूलमध्ये परतत नाही.

रात्रपाळी:
माझे सगळे गेटच (फक्त माहिती मागवणारे कॉल) आहेत, रीट्राय लावतो. एका ठिकाणी स्ट्रीम आहे, ते विथमध्ये टाकतो, म्हणजे आपोआप क्लोज होईल.