मदत हवी आहे: 'ओल्ड पीपल'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात बीएस्सी नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. नर्सिंगच्या मुलामुलींना म्हातारपणाबद्दल काय माहिती आहे आणि वृद्धांविषयी काय वाटतं, हा आमच्या गटाचा प्रोजेक्ट. माहितीसाठी पामोर या संशोधकाची १९७७ची २५ चूक-बरोबर विधानं, दृष्टिकोनासाठी कोगन या संशोधकाची १९६१ची ३४ सहमत-असहमत विधानं. दोन्ही अमेरिकेतली, त्यामुळे गाडी भाषांतरात रुतलीय.

आधी 'म्हातारी माणसं' लिहिलं. मैत्रिणींना भरायला दिलं, तर हेकटपणाच्या विधानाला धडाधड 'सहमत'. मग 'ज्येष्ठ नागरिक' केलं आणि ज्युनिअर बॅचला दिलं, तर सगळ्या एकदम संस्कारी! वर एकीचा प्रश्न, "म्हणजे एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे ना?" तेही खरंच. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात ज्येष्ठ ६०ला, एसटीत ६५ला.

दुसरी अडचण. बहुतेक वृद्धांनी आपल्याच वयाच्या लोकांच्या वस्तीत राहिलेलं बरं, असं कोगनचं एक विधान आहे. मराठीत आणलं की 'वृद्धाश्रम' होतं, आणि मग उत्तर वृद्धांबद्दल न राहता टाकून देणाऱ्या मुलांबद्दल येतं.

एवढा कीस का पाडतेय, तर वॉर्डात पाहिलेलं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी रात्रीतून असंबद्ध बोलायला लागल्या. ड्यूटी बदलताना निरोप काय, तर "वयच आहे, ८२." सकाळी रिपोर्ट आला, रक्तातलं सोडियम घसरलेलं, म्हणजे कारण वय नव्हतंच. बहुतेक वृद्ध भ्रमिष्ट असतात, हे पामोरचं पहिलंच विधान. 'चूक' असं आम्ही सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं, निरोप देणारीनेसुद्धा! दोन दिवसांनी आजी सावरल्या. तीच निरोप देणारी त्यांना भरवताना म्हणाली, "आ कर बाळा." आजी म्हणाल्या, "हेडमास्तरीण होते मी. चमचा इकडे दे."

तर शब्द कोणता ठेवू? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १
नर्सिंग शिकवते. वयाचा आकडा वरच्या सूचनेत टाका, विधानांत सरसकट 'वृद्ध व्यक्ती'. शब्द मध्येच बदलू नका. कोगनची विधानं १७ उलटसुलट जोड्यांत आहेत (तीच गोष्ट एकदा वृद्धांच्या बाजूने, एकदा विरुद्ध), तुलनाच बिघडेल. मग मूळ न पाहिलेल्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्या. वस्तीच्या विधानात 'वृद्धाश्रम' आलं, तर भाषांतर फसलं समजा.

प्रतिसाद २
वय ७३. एसटीत ज्येष्ठ, सोसायटीत काका, घरी म्हातारा. 'व्यक्ती' अजून कुणी म्हटलं नव्हतं, चालेल.

धागाकर्ती
मॅडम, सूचनेत ६५ घालते, पामोरचंही तेच वय आहे. काका, फॉर्म छापायच्या आधी एकदा तुम्हाला वाचून दाखवू का? कुठे खटकलं तर सांगा.