कृषी मानकांचे सल्लागार: नेमणूक कोणाची आणि उत्तरदायित्व कोणाला?

पाणवठा (धागाकर्ता)

शेजारी देशांचे गट एकत्र येऊन शेतमालाची सामाईक मानके ठरवतात, तेव्हा मसुदा लिहिण्याचे काम अनेकदा बाहेरच्या सल्लागाराकडे जाते. त्याचे मानधन विकास सहकार्याच्या निधीतून येते, त्याची कार्यकक्षा निधी देणारी संस्था ठरवते आणि त्याचा अंतिम अहवालही तीच मंजूर करते. ज्या प्रादेशिक सचिवालयासाठी हे सारे चालते, त्याला या व्यवहारात फारसा आवाज नसतो. माझ्या मते ही पद्धत मुळातच उलटी आहे. सल्लागार जरूर घ्यावेत, परंतु त्यांची निवड करण्याचा, काम तपासण्याचा आणि मानधन मंजूर करण्याचा अधिकार प्रादेशिक संस्थेकडे असावा, आणि मानधनाचा शेवटचा मोठा हप्ता सदस्य देशांनी ते मानक प्रत्यक्ष स्वीकारल्यावरच मिळावा.

निवडीच्या निकषांपासून सुरुवात करतो, कारण पुढचे बरेचसे तिथेच ठरते. सल्लागार निवडीबाबत जागतिक बँकेच्या मार्गदर्शक सूचना अनेक वर्षे लागू होत्या आणि इतर संस्थांच्या पद्धतींवरही त्यांची छाप पडली. त्यांत तांत्रिक प्रस्तावाच्या १०० गुणांपैकी प्रमुख तज्ज्ञांच्या पात्रतेला ३० ते ६० गुण होते, तर ज्ञान हस्तांतरणाला ० ते १० आणि स्थानिक तज्ज्ञांच्या सहभागालाही ० ते १० गुण होते. म्हणजे ही दोन्ही खाती शून्यावर ठेवूनही निवड नियमांत बसत होती. ज्याची कारकीर्द देदीप्यमान, तो निवडला जाणार. तो निघून गेल्यावर सचिवालयात कोणाला काय येत असेल, हा प्रश्न गुणपत्रिकेत जवळजवळ नव्हताच.

दुसरी गोष्ट बांधील मदतीची. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने २००१ मध्ये अल्पविकसित देशांना दिली जाणारी मदत देणाऱ्या देशातील पुरवठादारांच्या बंधनातून मोकळी करावी, अशी शिफारस केली. परंतु स्वतंत्र तांत्रिक सहकार्य, म्हणजे एखाद्या मोठ्या प्रकल्पाला न जोडलेला नुसता सल्ला किंवा प्रशिक्षण, त्या शिफारशीच्या कक्षेबाहेर ठेवले. मानकांसाठी सल्लागार देणे हे नेमके त्याच प्रकारात मोडते. खत किंवा यंत्रे कोठूनही घेता यावीत, पण सल्ला मात्र देणाऱ्याच्याच घरचा असला तरी चालेल, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

परिणाम काय होतो, यासाठी केनिया, युगांडा, टांझानिया आदी देशांच्या पूर्व आफ्रिकी समुदायाचा मका पाहा. त्या समुदायाचे मक्याचे सामाईक मानक अस्तित्वात आहे. एकूण अफलाटॉक्सिन (धान्यावरील बुरशीतून तयार होणारे विष) दर किलोमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि त्यातील बी-१ हा प्रकार ५ मायक्रोग्रॅमपर्यंत, अशी मर्यादा त्यात आहे. तरीही मार्च २०२१ मध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका सीमेवर थांबवला आणि काही दिवसांतच आयातदारांची नोंदणी, मालासोबत प्रमाणपत्र अशा अटी घालून तो पुन्हा येऊ दिला. मानक सर्वांचे होते, पण शेजाऱ्याच्या तपासणीवर विश्वास नव्हता. हा विश्वास कोणत्याही सल्लागाराच्या अहवालातून येत नाही. तो संस्थांमध्ये वर्षानुवर्षे मुरावा लागतो, आणि आपण पैसे मात्र अहवालासाठी मोजतो.

तोलमाप

मी काही वर्षे अशा प्रकल्पांमध्ये सल्लागार म्हणून काम केले आहे, तेव्हा माझा कल कोणत्या बाजूला आहे हे आधीच सांगून टाकतो. निवडीच्या गुणांबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचा फटका प्रादेशिक तज्ज्ञांना बसतो, हेही मी पाहिले आहे. परंतु शेवटचा हप्ता मानकाच्या स्वीकृतीशी बांधावा, ही आपली सूचना मला घातक वाटते.

मानक स्वीकारणे हा सदस्य देशांचा सार्वभौम निर्णय आहे. ज्याचे मानधन त्या निर्णयावर अवलंबून आहे, तो माणूस मतभेद उघडे करणार नाही, ते झाकील. कीडनाशकाच्या अवशेषांच्या मर्यादेवर दोन देशांचे जमत नसेल, तर तो ते कलम संदिग्ध करून दोघांच्याही सह्या मिळवील, आणि मग आपण म्हणता तसा मका सीमेवर अडेल. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाची, पद्धत आठ टप्प्यांची आहे आणि एखादा मसुदा एकाच टप्प्यावर वर्षानुवर्षे थांबल्याची उदाहरणे आहेत. तो विलंब मसुदा लिहिणाऱ्याचा दोष मानायचा का? पुरावा अपुरा आहे किंवा हितसंबंध खरोखरच वेगळे आहेत, म्हणून तो थांबलेला असतो. सल्लागाराने घाई करू नये यासाठीच त्याचे मानधन निकालापासून अलग ठेवलेले असते.

दुसरा मुद्दा मनुष्यबळाचा. प्रादेशिक सचिवालयात एकेका अधिकाऱ्याकडे पिके, पशुधन, मत्स्यव्यवसाय आणि व्यापार असे चार विषय असतात. तांत्रिक समितीवरचे सदस्य आपापल्या देशातील पूर्णवेळ नोकरी सांभाळून येतात. अशा वेळी निरनिराळ्या देशांचे नियम शेजारीशेजारी मांडून त्यांतील फरक दाखवण्याचे कष्टाचे काम कोणीतरी सलग बसून करावे लागते. आग्नेय आशियातील आसियान गटाने उत्तम कृषी पद्धतींचे सामाईक मानक २००६ मध्ये आणले, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे साहाय्य होते. अन्नसुरक्षा, पर्यावरण, कामगारांचे आरोग्य आणि मालाचा दर्जा असे चार स्वतंत्र विभाग त्यात केले गेले, त्यामुळे ज्या देशाची तयारी फक्त अन्नसुरक्षेपुरती होती, त्यालाही त्या एका विभागापासून सुरुवात करता येत होती. ही रचना मला आजही विचारपूर्वक केलेली वाटते, आणि बाहेरच्या साहाय्याशिवाय ती तेवढ्या वेळात झाली असती, असे मला वाटत नाही.

बाहेरच्या विश्लेषणाचा उपयोग वाटाघाटींतही होतो. युरोपीय संघाच्या कडक अफलाटॉक्सिन मर्यादांमुळे, आंतरराष्ट्रीय मानकाच्या तुलनेत, आफ्रिकी देशांच्या निर्यातीचे वर्षाला सुमारे ६७ कोटी डॉलरचे नुकसान होऊ शकते, असा अंदाज जागतिक बँकेतील अभ्यासकांनी २००१ मध्ये मांडला. त्या एका आकड्याने हा विषय जागतिक चर्चेत आला.

चाळणी

त्याच आकड्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तो प्रत्यक्ष मोजलेला तोटा नव्हता, गणिती प्रतिमानातून काढलेला अंदाज होता. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाला, युरोपीय मर्यादा एकसमान व कडक झाल्याने आफ्रिकेच्या भुईमुगाच्या निर्यातीवर लक्षणीय परिणाम झाल्याचा पुरावा सापडला नाही. अडचण बरीचशी उत्पादनाच्या आणि साठवणुकीच्या बाजूला असावी, असा त्याचा रोख होता. पहिला आकडा मात्र प्रकल्प प्रस्तावांमध्ये पुढेही वर्षानुवर्षे वापरला गेला. सल्लागाराने एखादा आकडा वापरला, तर त्याच्या मागून आलेले विरोधी निष्कर्षही त्याने लिहिले पाहिजेत, ही अट करारात असावी असे मला मनापासून वाटते.

मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून माझे दुखणे वेगळे आहे. अफलाटॉक्सिन धान्यात सारखे पसरलेले नसते. पोत्यातील मोजक्या दाण्यांत ते प्रचंड प्रमाणात असते आणि बाकीचे दाणे स्वच्छ असतात. त्यामुळे एकाच ट्रकमधून दोन ठिकाणचे नमुने काढले, तर एक उत्तीर्ण आणि दुसरा अनुत्तीर्ण होऊ शकतो, आणि दोन्ही प्रयोगशाळा आपापल्या जागी बरोबर असतात. निकालातील एकूण त्रुटीत सर्वांत मोठा वाटा यंत्राचा नसतो, नमुना काढण्याच्या पद्धतीचा असतो. मी पाहिलेल्या कार्यकक्षांमध्ये मर्यादेच्या आकड्यावर पाने खर्ची पडतात आणि नमुना किती किलोचा, किती ठिकाणांहून, कोणी काढायचा, यावर दोन ओळी असतात. ज्या माणसाने कधी गोदामात उभे राहून पोत्यात पारखी (नमुना काढण्याची पोकळ सळई) खुपसलेली नाही, त्याला त्या दोन ओळी पुरेशा वाटतात.

हा विषय केवळ व्यापाराचा नाही. २००४ मध्ये केनियात दूषित मक्यामुळे ३१७ जण आजारी पडल्याची आणि त्यांतील १२५ जण दगावल्याची नोंद आहे. तो मका मुख्यतः घरी साठवलेला आणि स्थानिक बाजारात विकला गेलेला होता. सीमेवर लागू होणारे कोणतेही मानक त्या घरांपर्यंत पोहोचले नसते. म्हणून सल्लागार कोणाचा, यापेक्षा त्याला कोणता प्रश्न सोडवायला सांगितला जातो, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

बांधकरी

मी शेतकऱ्यांच्या संघटनेच्या बाजूने लिहितो आहे. वरच्या तिन्ही प्रतिसादांत शेतकरी हा ज्याच्यावर मानक लागू होते असा कोणीतरी आहे. ज्याला विचारायचे असा कोणी नाही.

एका प्रादेशिक मानकाच्या सल्लामसलतीला मी हजर होतो. मसुदा सुमारे ऐंशी पानांचा होता, तो बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मिळाला, आणि आमच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नाही अशा भाषेत होता. दिवसाच्या शेवटी उपस्थितीच्या कागदावर सह्या घेतल्या गेल्या आणि पुढे अहवालात ‘उत्पादकांशी व्यापक सल्लामसलत झाली’ असे वाक्य आले. आमच्यातील एका बाईंनी विचारले होते की फवारणीची नोंदवही ज्याला लिहिता येत नाही, त्याने ती कशी ठेवायची. तो प्रश्न अहवालात कोठेही नव्हता. मला त्या सल्लागाराच्या हेतूविषयी काही म्हणायचे नाही; त्याला अहवाल ठरलेल्या तारखेला द्यायचा होता आणि आमच्या प्रश्नासाठी त्याच्या वेळापत्रकात जागा नव्हती. पण त्या नोंदवहीवरच पुढे प्रमाणपत्र अवलंबून राहिले, आणि ज्यांनी ते काम सोडून दिले ते बहुतेक दोन-तीन एकरांचे शेतकरी होते.

जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारात मानक संस्थांसाठी आचारसंहिता आहे आणि तिच्यानुसार मसुद्यावर हरकती मागवण्यासाठी किमान ६० दिवस द्यावे लागतात. प्रादेशिक प्रकल्पांतील प्रत्येक मसुद्याला हीच मुदत लावावी, ती भाषांतर हाती पडल्यापासून मोजावी, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीपुढे ती स्वीकारली की नाकारली व का, हे लिहिलेला तक्ता जाहीर करावा. सल्लागाराचे पैसे या तक्त्यावर द्या. तोलमाप यांना स्वीकृतीशी बांधलेला हप्ता घातक वाटतो, तर हा हप्ता तरी त्यांना मान्य व्हावा, कारण यात सह्या मिळवण्याची गरज नाही, ऐकून घेतल्याचा पुरावा देण्याची गरज आहे.

तोलमाप

मान्य आहे, आणि आपण सांगितलेला प्रसंग वाचून मला माझ्याच एका बैठकीची आठवण झाली, जिथे मीही असाच घाईत होतो. हरकतींचा तक्ता हे मोजता येण्याजोगे काम आहे. फक्त भाषांतराचा आणि ६० दिवसांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरला पाहिजे, नाहीतर निविदेत सर्वांत कमी दर देणारा सल्लागार पहिली कात्री तिथेच लावील.

पाणवठा (धागाकर्ता)

स्वीकृतीशी हप्ता बांधण्याची माझी सूचना मी मागे घेतो. मतभेद झाकण्याचा धोका मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. बांधकरी यांचा तक्ता तिच्या जागी घ्यावा, आणि चाळणी यांची नमुना पद्धतीविषयीची अपेक्षा कार्यकक्षेतच लिहावी: मसुदा पूर्ण मानण्यापूर्वी किमान दोन सदस्य देशांच्या प्रयोगशाळांनी त्याच पद्धतीने नमुने काढून निष्कर्ष एकमेकांना दाखवलेले असावेत.

नेमणुकीच्या अधिकाराबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बाजूंनी मान्य केले होते की प्रकल्प राबवणाऱ्या समांतर यंत्रणांची संख्या दोन तृतीयांशाने घटवायची आणि तांत्रिक सहकार्याचा निम्मा ओघ देशांच्या स्वतःच्या विकास धोरणांशी जुळणाऱ्या समन्वित कार्यक्रमांतून न्यायचा. सचिवालयात माणसे कमी आहेत हे तोलमाप यांचे म्हणणे खरे आहे, परंतु तेच कारण पुढे करून प्रत्येक वेळी काम बाहेर दिले, तर ती माणसे कधीच वाढणार नाहीत. सल्लागाराच्या एका वर्षाच्या खर्चात एक प्रादेशिक अधिकारी किती वर्षे ठेवता येईल, हे प्रत्येक प्रस्तावात शेजारीशेजारी मांडणे बंधनकारक करावे.

आणखी एक अट सुचवतो. ज्या संस्थेने मानकाचा मसुदा लिहिला, तिला त्याच मानकाच्या प्रशिक्षणाचे आणि प्रमाणनाचे काम पुढील तीन वर्षे मिळू नये. नियम जितका गुंतागुंतीचा, तितके पुढचे काम अधिक, असा मोह कोणाच्याही वाट्याला ठेवू नये.

तोलमाप

प्रमाणनाबाबत पूर्ण सहमत. प्रशिक्षणाबाबत नाही. मसुदा लिहिताना कोणते कलम का घेतले आणि कोणते का वगळले, हे लिहिणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणातून त्याला दूर ठेवले, तर निरीक्षक ते कलम आपापल्या समजुतीने लावतील आणि दोन देशांत दोन अर्थ रूढ होतील. मसुद्यासोबत प्रत्येक कलमाची लेखी कारणमीमांसा देणे सक्तीचे केले, तर तीन वर्षांची बंदी मला चालेल.

चाळणी

ती कारणमीमांसा निरीक्षकांना समजेल अशा भाषेत असावी आणि नमुना कोठून, किती व कसा काढायचा याची चित्रे तिच्यात असावीत. निरीक्षक ती पाने गोदामात सोबत नेऊ शकतील.