विषय: घर विकताना बायर्सचा फीडबॅक, किती मनावर घ्यायचा?

ईस्ट ब्रन्सविकहून

नमस्कार मंडळी,

आमचं न्यू जर्सीतलं घर वसंतात मार्केटवर टाकलंय, या मेलिंग लिस्टवर बऱ्याच जणांना माहितीये. चार बेडरूमचं कलोनियल, म्हणजे दोन मजली. मुलं मोठी होऊन बाहेर पडली, यांच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही, म्हणून सगळं एका मजल्यावर असलेलं घर बघतोय. शोइंग्ज, म्हणजे बायर घर बघायला येणं, भरपूर होतायत, शनिवार-रविवारी तर एकामागून एक, पण ऑफर येत नाही. आणि प्रत्येक शोइंगनंतर ॲपवर तो फीडबॅक येऊन पडतो, तो वाचून माझी झोप उडालीये खरंच.

एकाने लिहिलं घरात स्वयंपाकाचा स्ट्राँग वास आहे. मग दुसऱ्यानेही तेच लिहिलं, तिसऱ्यानेही. किचन जुनं. हॉलची केशरी भिंत डोळ्यात येते. देवघरामुळे ती खोली ऑफिस म्हणून डोळ्यासमोर येत नाही. एका बाईंना बॅकयार्ड छोटं वाटलं आणि त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला ते सांभाळायला फार मोठं वाटलं. एका जोडप्याने फक्त "दक्षिणमुखी" एवढंच कळवलं.

या घरात माझ्या मुलींची बारशी झाली, सासूबाई शेवटची वर्षं इथेच होत्या. कोणीतरी अनोळखी माणूस वीस मिनिटं फिरून जातो आणि "वास येतो" म्हणून लिहितो ते लागतं हो मनाला. एजंट म्हणतो पर्सनली घेऊ नका. पण मग नक्की काय घ्यायचं? प्रत्येकाला उत्तर द्यायचं का? भिंत रंगवायची, देवघर हलवायचं, का सरळ किंमत कमी करायची? ज्यांनी इथे घर विकलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

एडिसनहून

ताई, तुम्हाला वाईट वाटणं अगदी साहजिक आहे, आमच्या घरीही हेच झालं होतं. हिने तर तो फीडबॅक वाचणंच बंद केलं, मी वाचून तिला कामाचं तेवढं सांगायचो, त्याने घरातली शांतता टिकली. हे तुम्हीही करून बघा, दोघांपैकी एकानेच वाचायचं.

वासाचं मात्र मनावर घ्याच, कारण ते वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय. रोज त्याच घरात राहणाऱ्याला तो वास जाणवत नाही, यात स्वच्छतेचा काही संबंध नाही. आपली फोडणी तेलात होते, ते तेल वाफेबरोबर वर जातं आणि कॅबिनेटच्या वरच्या बाजूला, पडद्यांना, कार्पेटला जाऊन बसतं. आधी चिमणीचं बघा. बऱ्याच घरांत रेंजहूड हवा बाहेर सोडतच नाही, जाळीतून फिरवून परत किचनमध्येच सोडतो. आम्ही कॅबिनेटच्या वरचा सगळा चिकटपणा डिग्रीझरने काढला, हूडची जाळी बदलली, हीटिंग-एसीचा फिल्टर बदलला, पडदे धुतले, कार्पेट स्टीम करून घेतलं आणि जिन्यातल्या भिंतीला नवीन रंग दिला कारण वास वरच्या मजल्यावर जिन्यातूनच जातो. घर मार्केटवर असेपर्यंत फोडण्या आणि मासे बाहेर पॅटिओवर ग्रिलच्या साइड बर्नरवर. अगरबत्ती, सेंटेड कँडल, प्लग-इन यातलं काहीही लावू नका, दारातून आत आल्या आल्या सुगंध आला की बायरला वाटतं काहीतरी झाकतायत, ओल आहे की काय, आणि मग तो नाक लावूनच पूर्ण घर फिरतो. साफसफाईनंतर शेजारच्या एखाद्या अमेरिकन बाईंना बोलवा आणि स्पष्ट विचारा, ती खरं सांगेल.

दक्षिणमुखीचं सोडून द्या. ते घर फिरवता येत नाही आणि ज्यांना वास्तूचं बघायचंय ते तसेही घेणार नाहीत. फक्त एजंटला सांगा की लिस्टिंगमध्ये, म्हणजे घराच्या जाहिरातीत, दरवाजा कुठल्या दिशेला ते आधीच लिहून टाक, म्हणजे त्यांचाही शनिवार वाचेल आणि तुमचाही.

प्लेन्सबरोहून

नमस्कार ताई, मी इथे सेंट्रल जर्सीत रिअल्टर, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीची एजंट आहे, म्हणून थोडं कामाच्या बाजूने लिहिते. तुमचं लिस्टिंग माझ्याकडे नाही, त्यामुळे तुमच्या एजंटच्या कामात ढवळाढवळ करायची नाहीये, फक्त फीडबॅक कसा वाचायचा ते सांगते.

पहिली गोष्ट, तो फीडबॅक बायरने लिहिलेला नसतो, बायरच्या एजंटने लिहिलेला असतो, पुढच्या घराकडे जाताना गाडीत बसून. लिहायचं त्याच्यावर बंधन नसतं. त्यामुळे त्यात तीन प्रकार मिसळलेले असतात. काही खरंच खटकलेलं. काही नुसता सभ्य नकार, स्थळाला "पत्रिका जुळत नाही" कळवतात ना, तसं, यार्ड छोटं आणि यार्ड मोठं हे दोन्ही त्यातलेच. आणि काही वेळा तर घर आवडलेलं असतं पण पुढे भाव करायचाय म्हणून मुद्दाम किचनला नावं ठेवलेली असतात. शब्दांपेक्षा वागणूक बघा. कोणी दुसऱ्यांदा बघायला आलं का, आईवडिलांना घेऊन आलं का, कोणाच्या एजंटने टॅक्स किती, रूफ किती वर्षांचं, क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पूर्ण करून ताबा देणं, कधी जमेल असं विचारलं का. असे प्रश्न येतात तिथे बायर आहे, मग त्याने लिहिलेलं काहीही असो.

दुसरं, कोणालाही स्वतः उत्तर देऊ नका. ना मेलवर, ना ओपन हाउसला (घर सगळ्यांना बघायला खुलं असतं तेव्हा) भेटलात तर. "किचन जुनं नाही हो, आत्ताच केलंय" हे तुम्ही प्रेमाने सांगाल पण समोरच्याला तुमची घाई तेवढी कळेल. जे विचारायचं ते तुमच्या एजंटने त्यांच्या एजंटला फोन करून विचारायचं, ॲपवरचा फॉर्म पुरेसा नाही. फोनवर साधे प्रश्न: तुमचे क्लायंट अजून कुठली घरं बघतायत, त्यांच्या यादीत हे कुठे बसतं, आणि कुठल्या किमतीला ते ऑफर लिहितील. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण आकडा सांगतात, आणि तो आकडा दहा ओळींच्या फीडबॅकपेक्षा कामाचा असतो.

१७ ऑगस्ट २०२४ पासून बायरला घर बघायला नेण्याआधी एजंटशी लेखी करार करावा लागतो, त्यात एजंटची फी लिहिलेली असते. त्यामुळे "सेलर बायरच्या एजंटच्या फीला हातभार लावणार का" हा प्रश्न येतो, आणि उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर काही जण गप्प बसतात, फीडबॅकमध्ये भिंतीचा रंग लिहून टाकतात. तुमच्या एजंटकडून हे उत्तर काय जातंय ते नक्की विचारा.

भिंत रंगवा, शनिवारी दुपारी होणारं काम आहे. देवघराचं, तुम्हाला पटेल तेवढंच करा. फॅमिली फोटो, डिग्र्या, ट्रॉफ्या आम्ही सगळ्याच सेलर्सना काढायला सांगतो, ते कोणत्याही धर्माच्या घरात सारखंच आहे. देव छोट्या कपाटात ठेवून त्या खोलीत एक टेबल-खुर्ची मांडली तर ऑफिस दिसेल. किचनला मात्र हात लावू नका. विकण्यासाठी नवीन किचन केलं तर तो खर्च वसूल होईलच असं नाही आणि बायरला कदाचित त्याच्या पसंतीचंच करायचं असेल.

हिल्सबरोहून

सगळ्यांचे मेल वाचले, छान माहिती. ताई, एक सुचवतो. तुमच्याकडे डोअरबेल कॅमेरा असेलच, आत पण एखादा असेल, त्याचा आवाज चालू ठेवा, लोक घरात फिरताना आपापसात खरं बोलतात, एजंटच्या गोडगोड भाषेपेक्षा ते बरं. आणि दुसरं, आपल्याच लिस्टवर टाका ना की फक्त मराठी कुटुंबाला द्यायचंय, म्हणजे फोडणीचा आणि देवघराचा प्रश्नच येणार नाही, घर पण आपल्या माणसाकडे राहील.

प्लेन्सबरोहून

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण दोन्ही गोष्टी कृपया कोणी करू नका, म्हणून लगेच लिहितेय.

कॅमेरा सुरक्षेसाठी असू शकतो, पण आवाजाचं वेगळं आहे. न्यू जर्सीत आणि फेडरल कायद्यातही बोलणाऱ्यांपैकी किमान एकाची संमती असल्याशिवाय संभाषण रेकॉर्ड करता येत नाही. नवरा-बायको तुमच्या किचनमध्ये बोलतायत, तुम्ही त्या बोलण्यात नाही, म्हणजे संमती कोणाचीच नाही. शोइंगच्या वेळी आवाज बंद, आणि कॅमेरा आहे हे लिस्टिंगमध्ये लिहायचं. शिवाय लोकांना कॅमेरा दिसला की ते मोकळेपणाने घर बघत नाहीत, पटकन निघतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीय मूळ अशा कारणांवरून घर विकायला नकार देता येत नाही, आणि "फक्त अमुक लोकांना" अशी जाहिरातही करता येत नाही. मेलिंग लिस्टवरचा मेल पण जाहिरातच. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा तर १९४५ पासून आहे. आपल्यातल्या कित्येकांना इथे घर शोधताना याच कायद्यांचा आधार मिळालाय, तर ते आपणही पाळू या. लिस्टवर घराची माहिती जरूर टाका, सगळ्यांसाठी. आणि बायर्सनी प्रेमपत्रासारखं पत्र पाठवलं, "आमची मुलं, आमचे सण", तर ते न वाचता एजंटकडे द्या, ऑफर आकड्यांवर आणि अटींवर निवडा.

मन्रोहून

सर्वांना नमस्कार.

पोरींनो, मुलांनो, तुम्ही सगळं बरोबर लिहिलंत पण किमतीचं कोणी धड बोललं नाही. मी इथल्या सीनियर कम्युनिटीत येण्याआधी साउथ ब्रन्सविकचं घर विकलं, आणि तेव्हापासून आमच्या क्लबहाउसमध्ये हाच विषय असतो, म्हणून लिहितो.

शोइंगच होत नसतील तर किंमत किंवा फोटो. शोइंग होतायत, कोणी परत येत नाही, तर लोकांना फोटोत दिसलं त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी वाटतंय. आणि शोइंग होतायत, परतही येतायत, ऑफर नाही, तर घर आवडलंय पण त्या किमतीला नाही. ताई, तुमचं लिस्टिंग मी बघितलं, १० लाख ४९ हजार डॉलर. आता १० जुलै २०२५ पासून एक मिलियनच्या, म्हणजे १० लाखाच्या वर विकलं तर तो जादाचा एक टक्का, ज्याला लोक मॅन्शन टॅक्स म्हणतात, तो सेलरने भरायचा, आधी बायर भरायचा. आणि तो पूर्ण रकमेवर, वरच्या तेवढ्यावर नाही. म्हणजे १० लाख ५ हजारला विकलं तर १०,०५० त्यात जातात, हातात १० लाखाला विकल्यापेक्षा कमीच येतात. शिवाय एक मिलियनपर्यंत बजेट असलेले बायर सर्चमध्ये वरची मर्यादा तीच टाकतात, त्यांना तुमचं घर दिसतच नाही. ९ लाख ९९ हजारला आलात तर दुसराच घोळका येईल, आणि त्यातल्या दोघांना आवडलं तर ते आपापसात वर चढवतील. मग मिलियन ओलांडायचा असेल तर चांगला ओलांडा, जेमतेम नको. हे तुमच्या वकिलाला आणि एजंटला घेऊन कागदावर मांडा.

अजून एक, सगळ्यात जड फीडबॅक इन्स्पेक्शननंतर येतो. ऑफर आली, कामाच्या तीन दिवसांचा ॲटर्नी रिव्ह्यू (वकिलांनी करार तपासायची मुदत) झाला, मग इन्स्पेक्टर येतो आणि पानंच्या पानं लिहून देतो. घाबरायचं नाही. नळ गळतो, आउटलेट सैल आहे हे बाजूला ठेवायचं. रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आला, जमिनीखाली जुनी ऑइल टँक सापडली, बेसमेंटला ओल, इलेक्ट्रिक पॅनेल धोक्याचं, हे खरं. २०२१ च्या आयडा वादळानंतर आपल्या भागात लोक आधी बेसमेंटच बघतात आणि त्यात चूक काय. सेलरने भरायचा, घरातले माहीत असलेले दोष सांगणारा डिस्क्लोजर फॉर्म ऑगस्ट २०२४ पासून सक्तीचा आहे, पुराचे प्रश्नही त्यात आहेत, खरं तेच लिहायचं. आणि एक डील मोडलं तरी त्या रिपोर्टमधून कळलेला मोठा दोष पुढच्या बायरला सांगावा लागतो. म्हणून मी म्हणतो रेडॉनची टेस्ट आधीच करून घ्या, जास्त आला तर पाइप-पंखा बसवून टाका, त्या भांडणात डील घालवू नका.

ईस्ट ब्रन्सविकहून

काका, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी सगळे मेल परत वाचले. आता फीडबॅक हे वाचणार, मी नाही, एडिसनचा सल्ला लगेच मानला.

एजंटला फोन करायला लावला. एक जोडपं खरंच दोनदा येऊन गेलंय, त्यांच्या एजंटने आकडा सांगितला, एक मिलियनच्या खालीच आहे पण अपमान वाटावा इतका खाली नाही. काकांनी लिहिलेलं मॅन्शन टॅक्सचं गणित एजंटने आम्हाला कधी मांडून दाखवलं नव्हतं. किंमत ९ लाख ९९ हजार करतोय, पण आधी साफसफाई आणि रंग, म्हणजे नवीन लोक येतील ते नव्या घरात येतील. हूड खरंच आत फिरवणाराच निघाला, हवा बाहेर सोडायची सोय करायला माणूस येतोय. देवघराबद्दल मी ठरवलंय, देव छोट्या कपाटात राहतील पण रोजची पूजा होणार, शोइंगच्या आधी दिवा शांत झालेला असेल एवढं बघेन.

आता एक नवीन काळजी. त्या जोडप्याने विचारलंय की फिनिश्ड बेसमेंटला (तळघरात राहण्याजोगी खोली केलीये त्याला) टाउनशिपचं परमिट होतं का. ते काम आमच्या आधीच्या मालकाने केलेलं आहे, आमच्याकडे काहीच कागद नाही. काय सांगायचं?

प्लेन्सबरोहून

ताई, अंदाजाने "होतं" अजिबात सांगू नका. टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्राची रिक्वेस्ट टाका, न्यू जर्सीच्या ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली, तुमच्या पत्त्यावर आजवर निघालेली सगळी परमिट्स मागायची, ऑनलाइन फॉर्म असतो. परमिट आणि फायनल अप्रूव्हल मिळालं तर तो कागद लिस्टिंगला जोडा. परमिट उघडं राहिलं असेल तर कन्स्ट्रक्शन ऑफिसकडून इन्स्पेक्शन करून ते बंद करून घ्या. काहीच निघालं नाही तर वकिलाला आधी सांगा, मग बायरला, की आधीच्या मालकाचं काम, रेकॉर्ड सापडलं नाही. या आठवड्यातच टाका, क्लोजिंगच्या तोंडावर हे निघालं तर फार धावपळ होते. फॉर्म भरताना अडलात तर संध्याकाळी सातनंतर फोन करा.